वर्तुळाबाहेर पाय टाकायचा नाही

१३ मार्च
जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जादूच्या विधींचं पुस्तक आणलं. कव्हर फाटलंय, त्यामुळे नाव माहीत नाही. आत लिहिलंय, साधकाने चाळीस दिवस पहाटे वर्तुळात उभं राहून विधी करावा, तारीख-वेळ घालून नोंद ठेवावी, खाली निकाल लिहावा. म्हणून ही वही. इच्छाशक्ती वाढते म्हणे. माझी आहेच, पण शिस्त लागेल.
धाकटीचा याच्याशी काही संबंध नाही. बहीण गेली तर गेली.

१४ मार्च
झालं ते एकदाच लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. दहा तारखेला लॉन्ड्रीतून घरी आले तर कपाखाली चिठ्ठी. 'ताई, यापुढे या खोलीत राहणं मला जमणार नाही. रागावू नकोस. मागे पाहा.' बस्स.
आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची. मी शाळा सोडून इस्त्रीला उभी राहिले, हिला शिकवून शिक्षिका केली. आणि ही मला सांगते, मागे पाहा. मी मागे बघत बसले असते तर हिच्या वेण्या कोणी घातल्या असत्या?
दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्या गेल्या शेजारच्या मशीनवरच्या चष्मेवालीकडून हिचा नंबर ब्लॉक करून घेतला.
निकाल: एकदम शांत वाटतंय.

१५ मार्च, सकाळी सहा
दिवस पहिला. खडूने वर्तुळ काढलं. खोली लहान, अर्धं वर्तुळ पलंगाखाली गेलं. चालतं. कांडी म्हणून झाडूचा दांडा, झगा म्हणून डाग न निघालेली चादर. चार दिशांच्या चार रक्षकांना हाका मारल्या, हवेत पाच टोकांचा तारा काढला. मग उच्चारण. म्हणजे एखाद्याच्या नावाचा सात वेळा उच्चार. कोणाचं तरी घ्यायचं म्हणून धाकटीचं घेतलं. त्या माणसाच्या हातचं काहीतरी मेणबत्तीखाली ठेवायचं असतं, तर ती चिठ्ठीच ठेवली. कागदाच्या मागे बारीक अक्षरात काहीबाही खरडलंय. पोरांच्या जुन्या पेपरांवर लिहायची तिची सवयच आहे.
मध्येच गाडीची शिट्टी ऐकू आली. लक्ष ढळू दिलं नाही. विधी संपेपर्यंत वर्तुळाबाहेर पाय टाकायचा नाही आणि मागे पाहायचं नाही, असं ठळक छापलंय. बघा, पुस्तकाचंही माझ्यासारखंच मत.
निकाल: इच्छाशक्ती टिकली.

१९ मार्च
खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली. रोज पहाटे कोणाला हाका मारता म्हणून विचारत होती. सांगितलं, चार रक्षक आहेत. चार पुरुष एवढ्याशा खोलीत मावतात कसे, म्हणाली. दार लावून घेतलं.
फोन वाजला नाही. वाजावा अशी माझी इच्छा पण नाही.
निकाल: सुरुवातीला वेळ लागतोच.

२८ मार्च
तीन दिवस विधी चुकला. डबल शिफ्ट होती. इस्त्री करता करता मनातल्या मनात केला, तो धरते.
धाकटीचा फोन नाही. नंबर ब्लॉक आहे हे मला कळतं. पण एवढी साधी अडचण ज्यांना ओलांडता येत नाही ते रक्षक कसले?
आज चहा दोन कप केला. एक गार झाला, तोही मीच प्यायले.
निकाल: प्रगती आहे.

६ एप्रिल
चहाच्या सुट्टीत चष्मेवालीला पुस्तक दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. म्हणाली, "मावशी, हे उच्चारण नाही. उच्चाटन आहे. माणसाला घालवून द्यायचा विधी."
म्हणजे तेवीस दिवस मी पहाटे उठून हिला हाकलत होते.
'उच्चा' बरोबर वाचलं होतं. पुढचं ठोकून दिलं. धाकटी आठ वर्षांची असताना शाळेतून आली की मला वाचायला बसवायची. शब्दाखाली इवलंसं बोट धरायची. मी अर्ध्यावरच ओरडून मोकळी व्हायचे. मग म्हणायची, "ताई, शब्द संपला नाही अजून."
घाबरायचं कारण नाही. तारा उलट्या बाजूने काढायचा. सतरा दिवस उरलेत, दिवसातून दोनदा केला तर चौतीस होतात. तेवीस वेळा घालवलं, चौतीस वेळा बोलावलं. आली पाहिजे.
आली तर मी आधी बोलणार नाही, हे आत्ताच ठरवून ठेवते.

१४ एप्रिल
सहज तिच्या शाळेवरून गेले. शाळा लॉन्ड्रीच्या उलट दिशेला आहे, तरी सहजच. शिपाई म्हणाला, बाई मार्चमध्येच नोकरी सोडून गेल्या. कुठे ते त्याला माहीत नव्हतं. तुम्ही त्यांच्या कोण, असं त्याने विचारलं. म्हटलं, कोणी नाही.
येताना चालतच आले.
निकाल:

२३ एप्रिल, सकाळ
दिवस चाळिसावा. साधना पूर्ण. आवरायला घेतलं. मेणबत्ती खरवडून काढताना चिठ्ठी उलटी होऊन हातात आली. मागचं बारीक अक्षर वर. पहिला शब्द 'ताई'. तिच्या शाळेतली पोरं मला ताई कशाला म्हणतील?
खिडकीपाशी गेले. बोट धरून वाचलं, एकेक शब्द संपेपर्यंत.
'ताई, मला दुसऱ्या गावी मोठ्या शाळेत नोकरी मिळाली आहे. घर दोन खोल्यांचं आहे, एक खोली तुझी. आता तू उभं राहून काम करायचं नाही. तोंडाने सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच नाही म्हणाली असतीस, म्हणून लिहिते आहे. पंधरा तारखेला सकाळी सव्वासहाची गाडी. दोन तिकिटं काढली आहेत. तोवर मैत्रिणीकडे आहे, फोन कर. नाही आलीस तर तुझी इच्छा नाही असं समजेन, आणि परत त्रास देणार नाही.'
मेणाने कागद पारदर्शक झालाय. 'मागे पाहा' या बाजूनेही दिसतं, उलटं.

त्याच दिवशी, दुपार
चष्मेवालीकडून नंबर सुरू करून घेतला. फोन लावला. कोणी बाई बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही. मध्ये तोडलं नाही, तिचं पूर्ण ऐकून घेतलं. परत लावला, परत पूर्ण ऐकलं.

२४ एप्रिल
सकाळी स्टेशनवर गेले होते.
निकाल: सव्वासहाची गाडी वेळेवर सुटते.