पाहुण्यांसाठी चार ओळी

१० जानेवारी, मंगळवार

आयोगाची वर्षातली पहिली सभा. गावात कुणालाही परकं वाटू नये, हे पाहणं आमचं काम. पगार नाही, भत्ता नाही. कॉफी अध्यक्षीण मार्लिस घरून आणते. ती पातळ असते, पण आपण समाजासाठी बसलेलो असतो, कॉफीसाठी नाही. दोनदा घेतली.

सात खुर्च्या, दोन रिकाम्या. कोणाला वेळच नाही म्हणे. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेल्या माणसाला वेळ आहे, बाकीच्यांना नाही.

यंदाचा संकल्प: गावच्या वेशीवर, पुलाच्या अलीकडे, स्वागताची शिळा. तिच्यावर चार ओळी. त्या कोण लिहिणार हे मी सुचवलं नाही. नुसता घसा खाकरला. मार्लिस म्हणाली, बरं व्हर्लिन, लिही तू, पण छोटं लिही.

घरी येताना शाळेची आठवण झाली. मिस चेलस्टाड बाई कविता शिकवायच्या तेव्हा खिडकीबाहेर बर्फ पडायचं आणि आत शेगडीवर ओले हातमोजे वाळत असायचे. त्या वासाशिवाय मला अजून यमक सुचत नाही. बाई म्हणायच्या, ऑफ्टेडाल, तुझ्या आवाजात काहीतरी आहे. काय आहे ते सांगायच्या आत त्यांची बदली झाली.

१४ फेब्रुवारी

चार ओळी तयार. सभेत उभं राहून म्हटल्या.

या हो या, पाहुणे या, नदीकाठच्या गावा या,
दार उघडे, दिवा तेवता, क्षणभर येथे विसावा घ्या.
मका डुलतो, वारा गातो, चर्चघंटा साद घाली,
दूरदेशीच्या पाखरांनो, इथे टेका थकली पाउली.

शांतता. मी ती भारावल्याची समजतो. हार्डवेअरच्या दुकानाचा डेल जागा होता, हे विशेष. मार्लिस आयुष्यभर शाळेची बस चालवत होती, त्यामुळे तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. म्हणाली, पाखरांना पाउली कुठून आल्या?

मग होदान बोलली. दवाखान्यात दुभाषी आहे, सोमाली, आमच्यात सगळ्यांत तरुण. मला काका म्हणते. त्यांच्यात वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात. तिचा विषय दफनभूमीचा. गावच्या दफनभूमीत पेटी सिमेंटच्या हौदातच ठेवायची असा नियम आहे, दोन दिवस आधी कळवावं लागतं, आणि शनिवार-रविवार बंद. त्यांच्यात माणूस गेला की शक्य तितक्या लवकर, नुसत्या मातीत, मक्केकडे तोंड करून ठेवतात. म्हणून त्यांची माणसं तीन तासांवर मिनिॲपोलिसला न्यावी लागतात. टेकडीच्या कुंपणालगत एक उतरता तुकडा रिकामा आहे. आयोगानं शिफारस केली तर नगर परिषद नियम बदलेल. तिची आई तिकडेच पुरलेली आहे. वडिलांना इथं राहायचं आहे, नातवंडांना सायकलनं येता येईल अशा ठिकाणी.

विषय गंभीर आहे, मला पूर्ण सहानुभूती आहे. म्हणूनच घाईत नको असं मी मांडलं. आधी शिळेचं उरकू. डेलनं अनुमोदन दिलं. त्याला घरी जायचं होतं. व्हॅलेंटाइनचा दिवस.

७ मार्च

ऊन पडलं, रस्ता मोकळा झाला. टेकडीवरच्या दफनभूमीत बायकोकडे, लॉरेनकडे गेलो. तिच्या दगडावर माझंही नाव कोरून ठेवलंय, जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि पुढे कोरं. तेव्हा दोन नावं एकदम कोरली तर स्वस्त पडत होतं. आता बरं वाटतं. माणसाला आपली जागा ठाऊक असावी.

बाकावर एक उंच म्हातारा बसलेला, हातात काठी, डोक्यावर विणलेली टोपी. होदानचे वडील, इल्मी वारफा. कुंपणाकडे बघत होते. मी शेजारी बसलो. इंग्रजी जेमतेम, पण कान उत्तम. चार ओळी म्हणून दाखवल्या. डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हणा, म्हणाले.

एवढ्या वर्षांत मला कोणी पुन्हा म्हणा म्हटलेलं नाही. लॉरेनसुद्धा म्हणायची, ऐकलं हो, कपडे वाळत घालतेय.

१४ मार्च

सभा. आजही शिळाच. होदान म्हणते पाहुणे नको, शेजारी लिहा. आम्ही चौदा वर्षं इथं आहोत काका, टर्कीच्या मांसाच्या कारखान्यात अर्धी पाळी आमची आहे, माझी मुलं इथं जन्मली. पाहुणा किती वर्षं पाहुणा राहतो? आणि क्षणभर म्हणजे किती?

मी शांतपणे समजावलं की शेजारी घातलं तर एक मात्रा वाढते, चाल लंगडते. मार्लिस म्हणाली, लंगडू दे, आपल्या गावात निम्मे लोक गुडघेदुखीचे आहेत. सगळे हसले. होदानही. मी नाही.

नंतर दफनभूमी. मी एक तांत्रिक मुद्दा मांडला, व्यक्तिगत काहीच नाही: विषय होदानच्या स्वतःच्या वडिलांचा, तेव्हा तिनं मत द्यावं का? नियम म्हणजे नियम. मार्लिसनं चष्मा काढला. मग तूही देऊ नकोस, म्हणाली, तुझी बायको तिथंच आहे आणि तुझी जागा बूक आहे.

हे बोलणं अनावश्यक होतं. माझ्या मुद्द्यावर नगर परिषदेच्या वकिलाचं मत मागवायचं ठरलं, म्हणजे विषय पुढच्या महिन्यात. सखोल विचार यालाच म्हणतात.

४ एप्रिल

इल्मीसाठी मुद्दाम थर्मासमधून कॉफी नेली, चर्चच्या तळघरातल्या विक्रीतल्या लिंबाच्या वड्याही. हात छातीवर ठेवून नको म्हणाले. परवाही नको. आज तिसऱ्यांदा. आपण एवढं करायचं आणि समोरच्यानं घोटसुद्धा घ्यायचा नाही. समावेश दोन्ही बाजूंनी हवा, हे आयोगात मांडलं पाहिजे.

त्यांच्या ओठांना कोरड होती, तरी नवीन तीन कविता ऐकल्या. मग त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हटलं, काठीनं ठेका धरून. प्रार्थना असावी. संपल्यावर माझ्याकडे बघत राहिले. मी आमेन म्हटलं आणि चौथी काढली.

११ एप्रिल

वकिलाचं मत आलं: होदाननं मत द्यायला हरकत नाही. मी तेच म्हणत होतो.

सभेआधी मार्लिस बाजूला घेऊन म्हणाली, व्हर्लिन, त्यांचे रोजे चालू आहेत, दिवसभर पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि तू रोज त्याच्या नाकासमोर कॉफी ओततोस. होदाननं तिला हसत हसत सांगितलं म्हणे. वडील म्हणतात, बिचाऱ्याला वाईट वाटेल म्हणून काही बोलत नाही.

कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? पोस्टात सणांचे स्टँप यायचे तेव्हा मला सगळे सण पाठ होते.

आज होदाननं शिफारशीचा मसुदा वाचून दाखवला. नीट होता. मी फक्त भाषा सुधारायला मागितली. "मृत" या शब्दापेक्षा "निद्रिस्त" बरा. त्यावर बराच वेळ गेला, सभागृह बंद करायची वेळ झाली. मतदान मे महिन्यात. होदान टेबलावरचे कागद गोळा करत म्हणाली, काका, वडिलांचं हृदय चांगलं नाही. मी म्हटलं, वसंत आला की सगळ्यांनाच बरं वाटतं.

२ मे

मार्लिसचा फोन. शिळेवर कविता नाही. कोरणाऱ्यानं अक्षरागणिक भाव सांगितला, त्यात "पाखरं" डेललाही पटली नाहीत म्हणे. नुसतं गावाचं नाव, आणि खाली: हे गाव सगळ्यांचं. हे कोणीही लिहील. पोस्टाच्या शिक्क्यावरही याहून जास्त मजकूर असतो.

ती म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, मी कशाला लावून घेतोय. फोन ठेवल्यावर पूर्ण बागेतलं गवत कापलं. नंतर शेजाऱ्याचंही थोडं कापलं गेलं.

९ मे, दुपार

आज मतदान. आमच्यातला पाचवा, केंट, शेतावर आहे, मक्याची पेरणी. तो येणार नाही. म्हणजे मार्लिस, डेल, होदान आणि मी. चौघं असल्याशिवाय सभा होत नाही. आज शिफारस झाली तर येत्या सोमवारी परिषद नियम करेल, नाहीतर जूनवर जातं.

माझं मत अर्थातच बाजूनं आहे. पण आपण उठून गेलो, खुर्चीवर बसलो, जणू काही झालंच नाही, तर लोकांना कळणार कसं की कवीचं मन दुखावतं? एकदा तरी त्यांना माझी रिकामी खुर्ची दिसली पाहिजे.

मार्लिसला कळवलं, सर्दी-ताप आहे. म्हणाली, नुसता येऊन बस, बोलू नकोस, वाटल्यास शिंक. मी खोकून दाखवलं. एक महिना इकडे तिकडे. इतकी वर्षं थांबलेच आहेत.

९ मे, संध्याकाळ

सभा झाली नाही. तिघांत होत नाही.

दिवे लागायच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. पडद्याआडून पाहिलं, होदान. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलो. तिनं पुन्हा वाजवली, मग दारातून म्हणाली, काका, उठू नका, पायरीवर ठेवलंय. वडिलांनी पाठवलंय, तुम्ही बाकावर आला नाहीत म्हणून काळजीत आहेत. गाडी गेल्याचा आवाज आल्यावर बाहेर गेलो. थर्मास. आलं-वेलचीचा चहा, दूध भरपूर.

वेलची जरा जास्त. सगळा प्यालो.

१६ मे

बाकावर कोणी नाही. काल परिषद भरली होती. गटाराची पाइपलाइन मंजूर झाली. इल्मीला दवाखान्यात ठेवलंय असं मार्लिस म्हणाली. ती हल्ली तुटक बोलते. वय झालं तिचं.

भेटायला जायचं ठरवलं. जाताना नवी कविता घेऊन जावं, पण तिसरी ओळ बसेना. कविता पूर्ण झाली की जाऊ.

२० मे, शनिवार

इल्मी वारफा काल संध्याकाळी गेले.

डेलनं सांगितलं, मी बिजागरी आणायला गेलो होतो तेव्हा. दफनभूमीचं कार्यालय पाचला बंद झालं होतं, ते सोमवारी उघडणार. होदानच्या भावानं राखणदाराच्या घरी जाऊन विनवलं. तो म्हणाला, माझ्या हातात असतं तर आत्ता खणून दिलं असतं रे, पण नियम तोच आहे अजून. पहाटे चार गाड्या उत्तरेकडे गेल्या. बायको आहे तिथंच शेजारी जागा मिळाली म्हणे. म्हणजे तसं चांगलंच झालं.

डेल बिजागरी पुडीत बांधत म्हणाला, सर्दी कशी आहे रे आता? बरी आहे म्हटलं. सुट्टे परत न घेताच आलो.

२१ मे

श्रद्धांजलीपर कविता सुरू केली. "निद्रिस्त" शब्द आला, खोडला.

५ जून, सोमवार

परिषदेत मागच्या रांगेत बसलो. आयोगानं परवा खास सभा घेऊन शिफारस पाठवली होती. मी होतो, हात वर केला, सगळ्यांत आधी. आज नियम झाला. एका परिषद सदस्यानं विचारलं, काही चर्चा? कोणाचीच नाही. मग हो हो हो, आणि पुढचा विषय पोहण्याच्या तलावाचा. माझ्या खोकल्याची गोळी विरघळायच्या आत झालं सगळं.

महापौरांनी आयोगाचे आभार मानले. उभा राहिलो. शेजारी मार्लिस बसूनच होती. तिनं माझा कोट खाली ओढला.

७ जून

किराणा दुकानात होदान भेटली. संत्री निवडत होती. आता बोललं पाहिजे म्हणून गेलो. म्हटलं, झाला बरं का नियम, शेवटी आपण करून दाखवलं. हो काका, म्हणाली, यापुढच्यांची सोय झाली. मुलं विचारतात आजोबांकडे कधी जायचं, पण तिची पाळी रविवारची, आणि भावाची शनिवारची. बघू, म्हणाली, ऑगस्टमध्ये.

मग एक संत्रं हातात धरून तिनं विचारलं. रागानं नाही, दवाखान्यात विचारतात तसं. काका, त्या मंगळवारी तुम्हाला खरंच बरं नव्हतं?

माझ्या मनात सगळं होतं. मात्रा, शिळा, कवीचं मन. म्हटलं, ताप होता.

तिनं मान हलवली. मग ठीक आहे, म्हणाली. आम्ही घरी सगळे काहीबाही बोलत होतो, पण वडील कोणाला बोलू देत नव्हते. शेवटपर्यंत म्हणत होते, तो आजारीच असणार, नाहीतर आला असता.

प्रकृतीला जपा, म्हणाली, आणि आपली सामानाची गाडी ढकलत दुधाकडे गेली.

८ जून

फिरण्याची वाट बदलायची. टेकडीवर संध्याकाळी हल्ली डास फार असतात. नदीकाठचा रस्ता बरा, सपाट आहे. लॉरेन समजून घेईल.