हात उठेपर्यंत

२ फेब्रु.
डाव्या हाताने लिहितेय. एक ओळ पाच मिनिटं. उजवा गळ्यात. संक्रांतीच्या वाणाची भांडी माळ्यावरून काढताना स्टूल सरकलं. दंडाचं हाड जुळेल म्हणतात. पण मनगट खाली लोंबतंय. वर होतच नाही. आपला हात वाटत नाही.

५ फेब्रु.
ठाण्याला दाखवलं. डॉ. म्हणाले, हाडाजवळची शीर दबलीय. शीर दिवसाला एक मिलिमीटर वाढते. मेअखेर मनगट उठलं नाही तर पुढे ऑपरेशन. प्लास्टिकची पट्टी दिली, मनगट तोलून धरायला.
पूजा ह्यांनी केली. देवांना अंघोळ न घालता गंध लावलं. तीर्थ डाव्या हातावर कसं घ्यायचं? ह्यांनी पळीने तोंडात घातलं. लहान मुलासारखं.

८ फेब्रु.
स्वाती आली कळव्याहून. एकटीच. ईराला आणलं नाही. मी विचारलं नाही.
दिवाळीपासून नात या घरात आलेली नाही. फराळाला बसलो होतो. ईरा डाव्या हाताने चकली खात होती, चार वर्षांचं पोर. मी हातावर चापट मारली. हळूच, असं मी म्हणते. स्वाती म्हणते सटकन. ईरा रडली नाही, हात फ्रॉकखाली लपवला. स्वातीने तिला उचललं नि चपला घातल्या. डबा भरून ठेवलेला तसाच राहिला.
आज मी डाव्या हाताने वरणभात खात होते. अर्धा पदरावर.
स्वाती म्हणाली, "चमचा घे ना आई. इथे कोणी मारत नाही."

१६ फेब्रु. संकष्टी
उपास. अथर्वशीर्ष तोंडपाठ आहे म्हणून बरं, पोथी धरवत नाही.
विणकाम काढलं. एक सुई उजव्या काखेत दाबली, टोक पुढे. लोकर डाव्या हाताने फिरवायची, दुसरी सुईही त्याच हाताने. चाळीस टाके घातले. दुसऱ्या सुलट रांगेत अकरा गळले. काखेत कळ. सोडून दिलं.
शेजारच्या नेने वहिनी आल्या. "देवाने सक्तीची रजा दिलीय, घ्या की हो!" मग हळूच, "हळदीकुंकू मात्र डाव्याने लावू नका हं कुणाला." मला ते ठाऊक नाही का.
पाडव्याला देवाच्या आसनावर नवा रुमाल असतो माझ्या हातचा. जाळीचा, मध्ये श्री. लग्नापासून एक वर्ष चुकलेलं नाही.

२३ फेब्रु.
क्रोशाची सुई डाव्या हातात. साखळीसुद्धा जमेना. दोरा कुठून येतो तेच कळत नाही. मोबाइलवर बघितलं, सगळ्या बायका उजव्या. ह्यांनी मोबाइल आरशासमोर धरला. आरशात ह्यांचंच पोट.
दुपारी स्वाती आली, मटकी घेऊन. पाचेक मिनिटं बघत उभी होती. मग पर्स ठेवली नि म्हणाली, "समोर नाही, शेजारी बस."
शेजारी बसले. तिने सुई डाव्या हातात धरली. झरझर वीस साखळ्या. डाव्या हाताने.
"तुला येतं?"
"येतं."
"कधी शिकलीस?"
"तू खुर्चीवर, मी खाली फरशीवर. तुझ्या समोर बसून. समोरच्याचा उजवा तो आपला डावा होतो. चोरून करायचे, गच्चीवर."
ती तिसरीत असेल तेव्हा. जेवताना मी तिचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात बांधायचे. पेन्सिल डाव्यात दिसली की विणायची सुई बोटांवर. अॅल्युमिनियमची, दहा नंबरची. सगळ्याच घरांत करायचे. डाव्या हाताने उद्या सासरी नैवेद्य वाढेल, तिला कोण चालवून घेईल, हेच मनात. पेपर अर्धे राहायचे तिचे, अक्षर कोंबडीचे पाय. मला वाटायचं आळशी आहे.

९ मार्च
दर रविवारी येते. तासभर. चहा घेत नाही, पाणी घेते.
युक्ती सापडली. विणलेलं उशीला सेफ्टी पिनने टोचायचं. उशी मांडीवर. उजव्या हाताचं ओझं वर ठेवायचं, म्हणजे उशी हलत नाही. हात म्हणजे सध्या वरवंटाच. दोरा पट्टीच्या कडेवरून घेतला की ताण नीट राहतो. सुई बारीक, बोटांत राहत नव्हती, तिला जुन्या अभ्र्याची चिंधी गुंडाळली, दोरीने बांधली. आता लाटण्यासारखी धरता येते.
साखळी, मुका खांब हे टाके जमले. खांब लांब-आखूड येतात. पहिली पूर्ण रांग पाऊण तासात.
ईराचं विचारलं शेवटी. "काय म्हणते?"
"आजीचा हात कसा मोडला विचारत होती."
"मग?"
"स्टूलवरून पडली सांगितलं. तर म्हणाली, बाप्पाने मोडला का? बाप्पाला चकलीचं दिसलं होतं?"
स्वाती हसली नाही. मी उशीची पिन काढली, परत लावली.

२७ मार्च
रुमाल झाला. हातात घेऊन पाहिला तर श्री उलटी. आरशात दिसते तशी. नक्षीच्या कागदावरच्या चौकटी सवयीने उजवीकडून मोजत गेले, हात चालला डावीकडून. आठ दिवसांत एकदाही लक्षात आलं नाही. उसवायला सुरुवात केली, उसवतानाही एकच हात. रडले. हे म्हणाले, "दुकानातून आणू एखादा." मग जास्तच रडले.
संध्याकाळी स्वाती मुद्दाम वाकडी वाट करून आली, ह्यांनी फोन केला असणार. रुमाल उचलला, पालथा केला, टेबलावर ठेवला. श्री सरळ.
"आता?"
"अगं पण ही उलटी बाजू झाली वर."
"देव बाजू बघतो का आई?"
उसवलेल्या दोन रांगा तिने भरून दिल्या. डाव्या हाताने. माझ्या घरात, माझ्या देखत.

३० मार्च. पाडवा
गुढी ह्यांनी उभारली, जरा कलली. रुमाल घातला, उलटी बाजू वर. क्षमा मागितली. देवाची.

१३ एप्रिल
हिशेबाची वही महिनाभर ह्यांच्याकडे. 'इतर' असं लिहितात नि मोठा आकडा टाकतात.
ठाण्याला विजेची तपासणी. सुया टोचल्या. शीर तुटलेली नाही, पण हालचाल दिसत नाही. डॉ. म्हणाले, "अजून महिनाभर वाट पाहू. नंतर हाताच्या आतल्या बाजूचा एक स्नायू वळवून बाहेर लावतात." म्हणजे मिटणाऱ्या दोरीला उघडायला शिकवायचं. माझ्या वयात शिकेल का ती. हात कोपराखाली वाळत चाललाय. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.
व्यायामाची मुलगी म्हणते, "मनातल्या मनात उठवा आजी. डोळे मिटून. हुकूम द्या." दिवसातून शंभर वेळा देते. रामनाम घेत देते. हात ऐकत नाही.

२० एप्रिल
स्वातीची नोकरी जूनपासून पूर्ण दिवस. तिच्या सासूबाई गावी चालल्यात. ईरासाठी पाळणाघर बघतेय.
मी म्हटलं, "पाळणाघर कशाला? मी आहे की."
"तू आहेस म्हणूनच बघतेय."
ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. भाजी निवडत बोलली.
चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी येऊन राहिलं. इथे लिहिते. चुकलं माझं. पण हे ती कुठे वाचणार.

४ मे
तोरणाचा तुकडा विणते. आता डावीकडून मोजते. हात बसलाय. डाव्याने खाते, लिहिते, कणीक मळते. तीर्थ मात्र अजून ह्यांच्याच पळीने.
स्वातीने आज चहा घेतला. निघताना म्हणाली, "पुढच्या रविवारी आणते तिला. तासभर. मी इथेच बसणार."

११ मे
आली. उंच झालीय. दारात उभी राहून हात मागे लपवले. दोन्ही.
मी डाव्या हाताने सुई उचलली. ती बघत राहिली.
"आजी, तू पण लेफ्टी?"
"हो गं. नवीनच आहे."
"मग माझ्याशेजारी बस. समोर नको, लेफ्टी-लेफ्टी शेजारी बसतात."
सहा साखळ्या केल्या तिने. एवढ्या घट्ट की सुई निघेना. स्वयंपाकघराच्या दारातून स्वाती बघत होती. मी चमच्याकडे, पेन्सिलीकडे, कशाकडेच पाहिलं नाही. जेवली डाव्याने. मी घास गिळत राहिले. जमलं.

२५ मे
लिहू की नको असं झालंय.
ईरा सकाळपासून इथे. पट्टी काढून ठेवली होती, व्यायामासाठी. स्वाती आत पुऱ्या लाटत होती, हे खाली दूध आणायला. मी देवघरापुढे बसले होते. ईरा आली, परडीतलं जास्वंदीचं फूल उचललं नि म्हणाली, "मी देते बाप्पाला." डाव्या हाताने. तिचा हात मूर्तीपर्यंत गेला.
आणि माझा उजवा हात उठला.
चार महिने जो हुकूम ऐकत नव्हता तो. मनगट वर, बोटं पसरलेली, तळवा तिच्याकडे. मी उठवला नाही. शपथ. पण कशासाठी उठला ते मला माहीत आहे. हवेत दोन बोटं उंच राहिला नि पडला. तिच्यापर्यंत पोचला नाही. जोर नव्हता म्हणून पोचला नाही.
जेवणाचं मी गिळलं होतं. देवाचं गिळलं गेलं नाही.
ईराने फूल वाहिलं, मागे वळली, पाहिलं. नाचायलाच लागली. "आजीचा हात उठला! मम्मा! आजीचा हात उठला!"
स्वाती पिठाच्या हातांनी धावत आली. "खरंच? परत कर. कर ना आई." परत केलं. जरासं उठलं. माझ्या गळ्यात पडली. पाठीवर पिठाचे पंजे. इतकी वर्षं झाली, ती गळ्यात पडली नव्हती.
"कसा गं उठला?"
"आपोआप," म्हटलं.
हे आले नि लगेच नारळ फोडला.

२८ मे
काल रात्रभर मनगट हलवून पाहिलं. उठतं. रोज थोडं जास्त. जोर येत चाललाय. रामनाम घेऊन उठवलं तर कमी उठतं, तिच्या डाव्या हातातलं ते फूल आठवलं तर जास्त.

३० मे
काल ठाण्याला. डॉ. खूश. ऑपरेशन नाही. "दोन महिन्यांत पूर्ण जोर येईल आजी. पहिल्यांदा काय करताना उठला?" ह्यांनीच सांगितलं, देवघरात बसली असताना. डॉ. वर बघून हसले.
आज सकाळी स्वातीला फोन लावला. हात कशासाठी उठला ते सांगायचंच असं ठरवून, उभ्याने. तिने बोलूच दिलं नाही. पाळणाघराला नाही कळवलंय. सोमवारी नऊला ईराला सोडणार, संध्याकाळी सातला नेणार. मग म्हणाली, "ती सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय आई. मी बाप्पाला फूल दिलं म्हणून आजीचा हात बरा झाला."
मी हो म्हटलं.
सोमवारला तीन दिवस आहेत.