भिंतीतली तार

निर्मळ
शुक्रवार, सकाळचे सात

प्रिय मायकल,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. लुईझाचा खोकला भिंतीतून ऐकू येतो, अजून कमी झालेला दिसत नाही. माझे बरे आहे. केळी यंदा बारीक धरली.

मध्ये एक भिंत आणि मी पत्र लिहितो, म्हणून हसशील. अकरा वर्षे आपण बोललो नाही. तोंडाने आता मला जमायचे नाही. सहावीपर्यंतच शिकलो, चुका सांभाळून घे.

मागच्या वाडीत इमारतीचा खड्डा खणला आणि पंप पाणी उपसू लागले, तेव्हापासून आपल्या मधल्या भिंतीला चीर गेली आहे. तुझ्या बाजूला कपाटामागे असेल, दिसत नसेल. माझ्या बाजूला ॲनिशा नावाच्या इंजिनीअर मुलीने चिरेवर एक लोखंडी नळी आडवी बसवली. तिच्यात ताणलेली तार आहे. बाहेर लोंबणाऱ्या वायरीला हातातल्या पेटीचे चिमटे लावायचे, लालला लाल, काळ्याला काळा. पेटी तार छेडते आणि आकडा दाखवते. चीर रुंदावली की आकडा वाढतो.

"अंकल, गिटारसारखंच आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मग पलीकडे विचारा. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. बेसूर."

ती हसली. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल मी कोणाशी बोललो ते एवढेच.

मी घरीच असतो, म्हणून रोज आकडा वहीत लिहायचे काम माझ्याकडे आले. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने लाल शाईत लिहून ठेवले आहे, ३६०० झाले तर दोन्ही घरे रिकामी करायची.

पहिल्या दिवशी ३१४० होता. दुसऱ्या दिवशी ३२१०. मला वाटले चिमटे चुकले. काढले, पुसले, परत लावले. पाच वेळा. पेटीत नवे सेल घातले. आकडा तोच. मी वहीत ३१४० लिहिले.

मायकल, मी नऊ दिवस ३१४० च लिहितो आहे.

माझ्या बायकोने, कॅथरिनने, ह्याच खोलीत प्राण सोडला. तिची खाट अजून इथे आहे. ही खोली सोडून मी कुठे जाऊ, एवढेच डोक्यात होते. तुमची खाट त्याच भिंतीला लागून आहे, हेही माहीत होते. कॅथरिनच्या शवपेटीला तू खांदा दिलास आणि न बोलता निघून गेलास, तेही आठवत होते. तरी हात तोच आकडा लिहायचा. वाईट वाटत नव्हते. अजूनही वाटत नाही, त्याची मला भीती वाटते.

आज ३५८८ आहे. ॲनिशाला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "अंकल, आधी पलीकडच्यांना बाहेर काढा. मी निघालेच."

तू आपले बावखल, वाडीतले ते गोड्या पाण्याचे तळे, बुजवलेस म्हणून मी बोलणे टाकले होते. तो राग आज शोधला. सापडला नाही.

आता दार वाजवून हे तुझ्या हातात देईन. माझ्या तोंडून काही निघणार नाही. लुईझाला उठव, तिची औषधे घे, बाकी सगळे राहू दे. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

पण अंगणात येऊन दे.

तुझ्या दारात उभा असलेला,
ऑस्कर