उमेशदादाचं मत

झरी, ता. तलासरी
१८ ऑक्टोबर २०१७
दिवाळीची पहिली आंघोळ उरकून

प्रिय दादा,

पुष्पीचा नमस्कार. आई बरी आहे, तिचा गुडघा तिच्यापेक्षा जास्त बोलतो एवढंच. भात पिवळं पडलंय, सण झाला की कापायला लागू. काळी शेळी व्याली, दोन करडं आहेत, दोन्ही तुझ्यासारखी हट्टी. तू जेवतोस ना नीट? आणि तुझ्याआधी हे पत्र जे साहेब उघडून वाचतील त्यांनाही दिवाळीचा नमस्कार. साहेब, पत्र लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

दादा, मी निवडून आले!

खरं तर हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण आधी क्षेमकुशल लिहायचं असं शाळेत शिकवलंय ना. आता शिकवलेलं संपलं. तुझी पुष्पी ग्रामपंचायतीची सदस्य झाली! सकाळपासून पाड्यातल्या बाया येऊन मला कुंकू लावतायत, कपाळ नुसतं लाल झालंय.

ऑगस्टमध्ये मी तुला भेटायला आले होते, त्याबद्दल काही लिहिणार नाही. सणाचा दिवस आहे.

काल तलासरीला मोजणी झाली. मशीनवर आकडा आला: सोमीला एकशे ब्याण्णव, मला एकशे ब्याण्णव! साहेबांनी परत बघितलं, पुन्हा तेच. आणि मी काय केलं असेन? उभी राहून ओरडले, "माझ्या भावाचं एक मत असतं तर आत्ता निकाल लागला असता!" पोलीसबाईंनी मला हात धरून खाली बसवलं. पलीकडे सोमीशेजारी तिचा नवरा, तुझा जिवलग दिपक, बसला होता. तो जमिनीकडे बघत राहिला.

बरोबरी झाली की चिठ्ठी काढतात म्हणे. आमच्या दोघींच्या नावांच्या चिठ्ठ्या घडी करून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि काढायला कचेरीत चहा देणाऱ्या बायजीला बोलावलं. ती घाबरली. "माझं हात ओलं हाईत साहेब, नाव भिजंल." पदराला हात पुसपुसून तिनं एक चिठ्ठी काढली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, माझा जीव इथेच जाणार. आणि त्यांनी वाचलं, "पुष्पा लहान्या." बापाचं नाव कचेरीत असं मोठ्यानं घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, दादा. मला रडूच कोसळलं.

सोमीही रडली. मग नाक पुसून माझ्याजवळ आली आणि पाठीत एक धपाटा घातला. "पुष्पे, नळाचा पाइप आमच्या दारावरून नेशील ना?" म्हटलं, नेईन.

आता आईचा पराक्रम ऐक. परवा मतदानाला ती सकाळीच गेली. मी उमेदवार, पण मी बाहेर चिंचेखाली बायांशी बोलत होते. तेवढ्यात शाळेत गलका. आईनं आपलं मत दिलं, बोटाला शाई लावून घेतली आणि कमरेची गाठ सोडून तुझं मतदानकार्ड टेबलावर ठेवलं! दुसरं बोट पुढे करून म्हणते, "या बोटाला पन लावा. हा पोऱ्याचा."

साहेब भले होते. म्हणाले, "आजी, एकाचं मत दुसऱ्याला देता येत नाही. आणि मुलगा कुठे आहे?"

"तुरुंगात हाय. म्हनून तं मी आलू."

"मग तर नाहीच. तुरुंगातल्या माणसाला मत देता येत नाही."

"त्याचा नाव तुमच्या यादीत कशाला हाय मग?"

साहेब यादी बघतात तर तू आहेस, फोटोसकट. मागच्या रांगेतून टेम्पोवाला लक्ष्या म्हणाला, "आजी, आत बसून निवडणुकीला उभा राहता येतं, मत नाय देता येत." आईनं साहेबांना विचारलं, खरं काय? त्यांनी मान डोलावली. मग आईचं तोंड सुटलं. "म्हंजे नवरदेव मांडवात चालंल, पन त्याला जेवायला पान नाय?" रांगेतली माणसं पोट धरून हसली. आईला काही हसू आलं नाही. तिनं कार्ड परत गाठीत बांधलं, आणि माझ्याकडे न बघता तरातरा घरी निघून गेली.

मला वाटलं, लेकीचं एक मत हुकलं म्हणून रुसली. मी मनात फुगले होते. बघा, माझी आई माझ्यासाठी साहेबाशी भांडली!

काल निकालानंतर लक्ष्याच्या टेम्पोतून घरी येताना मी तेच बोलून दाखवलं. दादाचं मत पडलं असतं तर चिठ्ठीची पाळीच आली नसती, म्हटलं. आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "तू पडली असतीस. मी त्याचा बटन सोमीचा दाबनार व्हती."

दादा, मी टेम्पोतून खाली पडायचीच बाकी होते.

"आये, तू माझ्याविरुद्ध मत देणार होतीस?"

"माझा मत तुला दिला ना! हा त्याचा. गेल्या भेटीत पन त्याने सांगितला, दिपकला शब्द दिलाय, मत असता तं सोमीला. मग त्याचा मत मी तुला कसा देऊ? चोरी होल ना ती."

तर घे, ऑगस्टचं आलंच. मी उभी राहतेय हे सांगायला धावत आले होते, आणि जाळीपलीकडून फोनवर तू म्हणालास, "आधी विचारायचं ना. मी सोमीचा शब्द देऊन बसलोय. फॉर्म भरू नकोस." मी फोन ठेवून निघून आले, परत आले नाही. मला वाटत होतं, रागात बोललास. बहिणीचं नाव दिसलं की बोट आपोआप माझ्या कपबशीच्या चिन्हावर जाईल. नसतं गेलं ना? तू आत होतास म्हणून मी निवडून आले. काल रात्री हे कळल्यावर गुलाल कडू लागला मला. फार राग आला तुझा. सकाळी आंघोळीचं पाणी अंगावर पडलं आणि एकदम हसूच फुटलं. काय आई आहे आपली!

पण मग दिपक आठवला. अच्छाडच्या ढाब्यावरची मारामारी तीच, केस तीच, कागदावर तुमची नावं एकाखाली एक. त्याला जामीनदार मिळाला, आपली जमीन अजून आजोबाच्या नावावर म्हणून तुला मिळाला नाही. कोर्टानं अजून दोघांनाही काही म्हटलेलं नाही. आणि त्यानं शाई लावून मत दिलं! टेम्पोत लक्ष्या म्हणत होता, "ज्यांनी माणसं मारली त्यांनीपण ठरवायचं काय सरपंच कोण?" गुन्हा ठरलेल्यांचं मला अजून नीट कळत नाही, खोटं कशाला बोलू? पण ज्याचं काहीच ठरलं नाही, त्याचं मत कुणी ठेवून घेतलं?

पहिल्या ग्रामसभेत मी हाच विषय काढणार आहे. केस चालू असलेल्यांना आतून मत देता यावं, असा ठराव लिहून वर पाठवायचा. लोक हसतील, ठराव कुठल्यातरी कपाटात पडेल, ठाऊक आहे. आईनं मात्र आत्ताच सांगून ठेवलंय, पहिला हात तिचा. आणि दुसरा कुणाचा सांगू? सोमीचा! म्हणाली, "माझा तं एक मत वाढंल."

भाऊबीजेला येतेय, करंज्या घेऊन. फोन ठेवून जाणार नाही. पुढच्या वेळी तू कुठेही अस, मशीन तुझ्यापर्यंत यायला हवं. आणि शब्द दिला असशील तर खुशाल सोमीचं बटण दाब.

तुझ्या एका मतानं पडायला तयार असलेली,
तुझी बहीण,
पुष्पी