कुंडलिकरावांची अंघोळ

आंबिवली,
रविवार, २६ नोव्हेंबर २०२३

प्रिय शालन,

प्रभूत सप्रेम सलाम. तुझ्या दादांना आणि वहिनींनाही सलाम सांग. तिकडे तुझ्या माहेरी, संगमनेरला थंडी पडली असेल, गुडघ्याला शेक घेत जा. मी बरा आहे. फोनवर तू "जेवलात का" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो आणि दोघंही फोन ठेवून देतो. म्हणून आज लिहायला बसलो.

घोडबंदर रोडच्या चर्चची कमिटी अजून माझी वाट बघते आहे. तुला मी रजा वाढवली एवढंच सांगितलं होतं. खरं असं, की उपदेशाला पुलपिटावर उभा राहिलो की शब्दच फुटेना. ईस्टरच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचला, बायबल मिटलं आणि तसाच उभा राहिलो. शेवटी मंडळीनेच गीत सुरू केलं. घरीही प्रार्थना बंद पडली होती. जेवणाआधी डोळे मिटायचो, ते नुसतेच.

आपल्या मंडळीतली मेघना साळवे तुला आठवत असेल, नर्स होती ती. आंबिवली स्टेशनपासून थोडं आत ती आता एक घर चालवते. अंथरुणाला खिळलेली, ज्यांचं करणारं कोणी नाही अशी माणसं तिथे असतात. तिने बोलावलं. मला वाटलं, प्रार्थनेसाठीच असणार, म्हणून बायबल घेऊन गेलो. ती म्हणाली, "पास्टर, ते खिडकीत ठेवा. आधी ही चादर त्या टोकाला धरा."

तेव्हापासून इथेच आहे. चादरी पिळतो, पेज भरवतो, पुरुषांच्या दाढ्या करतो. पहिल्यांदा बेडपॅन धुताना मला ओकारी आली होती. आता काही वाटत नाही. संध्याकाळी हातांना फिनेलचा वास येत असतो आणि पाठ टेकली की झोप लागते. इतक्या दिवसांत अशी झोप लागली नव्हती गं.

इथे कुंडलिकराव म्हणून एक होते. विठ्ठलवाडीला रिक्षा चालवायचे. अर्धं अंग लुळं पडलेलं, पण जीभ धड. मी आत शिरलो की ओरडायचे, "जय भीम, पाद्रीबाबा! आज नखंच कापा, बोटं नको." मीही जय भीम करायचो. एकदा दाढी करत असताना त्यांनी विचारलं, "पोरंबाळं किती तुम्हाला?"

मी वस्तरा पाण्यात बुडवला.

"एक मुलगी होती," मी म्हणालो. 'होती' हा शब्द त्याआधी मी कधी तोंडातून काढला नव्हता.

"नाव काय पोरीचं?"

"रुचिता."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अहो, साबण माझ्या गालाला, आणि पाणी तुमच्या डोळ्यात?"

गेल्या मंगळवारी सकाळी ते गेले. पुतण्याला यायला वेळ होता. मेघनाने विचारलं, "तो येईस्तोवर अंघोळ घालून ठेवू या. जमेल तुम्हाला?" मी पाणी तापवलं. कढत तर नाही ना, म्हणून मनगटावर घेऊन पाहिलं. आता कोणाला चटका बसणार होता, पण पाहिलं. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत पुसलं. पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या, तिथे हलक्या हाताने.

शालन, तू स्वतः हॉस्पिटलातून बरी होऊन आलीस तेव्हा मला विचारलं होतंस, "तिला अंघोळ कोणी घातली?" मी उठून गॅलरीत गेलो. तू पुन्हा विचारलं नाहीस.

कोणीच घातली नाही गं. कोविडचे दिवस, तिला बंद पिशवीत दिली. कबरेजवळ जाऊ देईनात, म्हणून मी लांब उभा राहून दफनाचा विधी वाचला. मंडळीतल्या कितीतरी जणांना मी या हातांनी माती दिली. पोटच्या पोरीला हातसुद्धा लावता आला नाही.

कुंडलिकरावांचे पाय पुसता पुसता मी तिचं नाव घेऊन रडलो. मेघनाने दार ओढून घेतलं. खूप वेळाने तोंडातून आलं, "प्रभू, ह्यांना सांभाळ. माझ्या लेकीलाही सांभाळ." एवढंच. कुठल्या पुस्तकातलं नाही, पाठ केलेलं नाही. मग पुतण्या आला, त्याने बुद्धवंदना म्हटली. मी मागे हात जोडून उभा राहिलो.

आज सकाळी इथल्या एक आजी म्हणाल्या, "अरे, रविवार आहे, चार शब्द वाच की." खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून मी वाचलं, दोन वाक्यं बोललोसुद्धा. आवाज फुटला. घोडबंदरला परत जाईन की नाही, ठाऊक नाही. दुःख कमी झालं असंही म्हणवत नाही. पण सकाळी उठून कुठे जायचं, ते कळतं.

तुला वाटलं तर ये. राहायला नको, नुसती येऊन जा. नाही आलीस तरी मी समजेन.

अजून एक. रुचिताचा चेहरा ओळखायला म्हणून हॉस्पिटलातल्या माणसाने पिशवीची चेन थोडी उघडली होती. तिच्या चेहऱ्याकडे माझ्याने नीट बघवलं नाही. पण वेणी दिसली. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी, तुझ्या स्वतःच्या अंगात ताप असताना, तू घातली होतीस ती. जराही सुटली नव्हती. शेवटचा मायेचा हात तिला लागला, तो तुझा.

तुझा, आणि रुचिताचा बाप,
सुदेश