पाहुण्याने उचललेला कोपरा

झ्विर्नाऊ, ऑक्टोबर १९७७

प्रिय गुड्रूनताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं पित्त शमलं का, की अजून कासेलच्या डॉक्टरांची घरं बांधून देताय? इकडे आम्ही मजेत आहोत. निदान भेटेल त्याला तसं सांगतो.

आधी एका अत्यंत गंभीर बाबीची तक्रार नोंदवते. तू पाठवलेलं पार्सल पोचलं. चॉकलेट, साबण, मोजे, सगळं जागच्या जागी. पण दोरीची गाठ तुझी नव्हती. तू झ्विर्नाऊची मुलगी. सीमेपलीकडे पश्चिमेत, कासेलला नांदायला गेलीस तरी तुझ्या बोटांतून विणकराची गाठच पडणार, बारीक, चपटी, मागाच्या फणीतून विनातक्रार सरकणारी. पार्सलावर होतं ते गाय बांधायचं प्रकरण होतं. (वाटेत आमची पत्रं-पार्सलं मायेने तपासणाऱ्या साहेबांना नम्र विनंती: उघडा, हुंगा, पण गाठ मारायला गिरणीतल्या एखाद्या बाईकडून शिकून घ्या. सरकारची अब्रू जाते.)

तू म्हणशील, हिल्ट्राउट, तू संशयी. आहेच. ज्या गावात पूर्वी विणीतच नक्षी उमटवणारं डमास्क कापड विणणाऱ्यांना वेशीबाहेर न जाण्याची शपथ घ्यावी लागे, नक्षीचं गुपित फुटू नये म्हणून, त्या गावात भोळी माणसं जन्मतील कुठून? आपली घरंसुद्धा बघ ना. माग हादरला तर वरचा मजला हादरू नये म्हणून तो वेगळ्या लाकडी पायांवर उभा. म्हणजे आपल्याकडे वरच्या मजल्याचाही खालच्यावर विश्वास नाही. आणि टेकडीपलीकडे वाल्टर्सग्रुंड! आपलाच कुणी नक्षी विजारीत खुपसून रात्री टेकडी ओलांडून गेला, म्हणून त्यांच्याकडे माग आले असं आपण म्हणतो. ते म्हणतात, माग त्यांच्याकडे आधीपासूनच होते. (विजारीबद्दल मात्र ते काही बोलत नाहीत.) त्यांनी कापडाच्या कोपऱ्यात इवलंसं फरचं झाड विणायला सुरुवात केली, आपली खूण म्हणून. आपण खूण विणत नाही. आपलं कापड बघताच कळतं. आपला ओढा मात्र आधी आपल्या रंगाच्या कारखान्यातून जातो आणि मग त्यांच्या गावात शिरतो, त्यामुळे त्यांच्या बदकांना वर्षानुवर्षं आपलाच रंग चढतो. भूगोल कधीकधी न्यायाने वागतो.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी उजळणी केली, कारण पुढचं ऐकताना तू खुर्चीत नीट बसलेली असावीस. माझ्या मार्लीसने लग्नासाठी मुलगा पसंत केलाय. नाव एकहार्ट. आपल्या गिरणीत माग दुरुस्त करणारा जॉबर आहे. उंच, कान मोठे, दारू बेताची. राहणार वाल्टर्सग्रुंडचा.

मी आदळआपट केली नाही. (एक बशी फुटली, ती आधीच तडकलेली होती.) मार्लीसने शांतपणे सांगितलं, "आई, तुला तो नको असेल तर नको. त्याच्या आईकडे वरचा मजला रिकामा आहे. आम्ही तिकडे राहू." ताई, माझा नवरा वर्नर गेल्यापासून या घरात आम्ही मायलेकी दोघीच. ती टेकडीपलीकडे गेली की मी, घड्याळ आणि रोज येऊन बसणारी सेल्मामावशी. त्यातलं घड्याळ तेवढं कमी बोलतं. म्हणून मी मुलाला रविवारी कॉफीला बोलावलं. संशय घ्यायचा तर माणूस समोर बसलेला बरा.

टेबलावर पणजोबांचा डमास्क अंथरला, द्राक्षवेलींचा, ज्याचा जुळा तू लग्नात घेऊन गेलीस. खसखशीचा केक केला. कॉफी मात्र सरकारने यंदा काढलेली ती मिश्र. तिच्यात वाटाणे आहेत, बीट आहे, राय आहे. कुणी घाईत असताना कॉफीही पडली असावी. सेल्मामावशी तिच्या ठरलेल्या खुर्चीत, मुलाच्या बरोब्बर समोर. तिची नजर आता अधू झालीय, पण दुसऱ्याचं चुकतंय कुठे तेवढं तिला स्वच्छ दिसतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एकहार्टने टेबलक्लॉथचा कोपरा उचलला, खाली वाकला आणि उलटी बाजू बघितली.

ताई, माझ्या हातातली किटली तशीच राहिली. आपल्या गावात पाहुण्याने एकवेळ यजमानाच्या पाकिटात हात घालावा, पण कापड उलटून बघू नये. उलट्या बाजूवरून दोऱ्यांची चाल वाचता येते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मावशीचा काटा केकच्या वाटेवर थांबला. मुलगा सरळ झाला, कानापर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, "सुरेख आहे. झ्विर्नाऊचं कापड, बघताच कळतं."

बघताच! खालून बघून वर हे! मी मनात म्हटलं, पोरा, तू हेर तरी आहेस नाहीतर निर्लज्ज तरी. पुढे त्याने केकचे दोन तुकडे खाल्ले, वाटाण्यांची कॉफी तोंड वाकडं न करता प्यायला, (तेव्हा तर माझी खात्रीच पटली, इतकं सोसणारा माणूस काहीतरी लपवत असतो) आणि जाताना मावशीला कोट घालायला मदत केली. मावशीने त्याचा हात झटकला. दारातच मला म्हणाली, "बघितलंस ना? शंभर वर्षांनी पुन्हा आलेत. आता विजारीऐवजी जावयाच्या रूपाने."

रात्रभर मी त्याने काय काय वाचलं असेल याचा हिशेब मांडत होते. आता नक्ष्या मशीनवर निघतात, पणजोबांची द्राक्षं चोरून कुणाचं भलं होणार, हा विचार मनात आला. पण संशयाला असले विचार पचत नाहीत. सकाळी टेबलक्लॉथ धुवायला काढला. तो बसला होता त्या कोपऱ्याला ओट्टिलीआजीने वरून-खालून लावलेलं ठिगळ आहे, तुला आठवत असेल. आपण लहानपणापासून बघत आलो, कुणी कधी विचारलं नाही. त्याची खालची शिवण उसवली होती. एक दोरा लोंबत होता, तो कुणीतरी नीटपणे आत खोचून ठेवला होता. मी ठिगळ उचललं.

खाली फरचं झाड.

मी न्हाणीघरातल्या पाटावर बसून राहिले. जे कापड विणता विणता पणजोबांचे डोळे गेले असं आपल्याला सांगितलं, ते वाल्टर्सग्रुंडच्या बाजारातून विकत आणलेलं होतं. आजीला ठाऊक होतं. तिने चार टाके घातले आणि तीन पिढ्यांची मान ताठ ठेवली.

संध्याकाळी गिरणीच्या फाटकाशी एकहार्टला गाठलं. विचारलं, "कापडाखाली काय बघितलंत तुम्ही?"

"दोरा, फ्राउ हेंश. गुडघ्याला लागत होता. कुणाच्या पायात अडकेल म्हणून आत खोचला."

"आणि?"

"आणि केक फार छान होता."

"मी केकचं विचारत नाहीये."

त्याने टोपी हातात फिरवली. "पाहुण्याने कापड उलटून बघू नये, एवढं आमच्याकडेही शिकवतात. मी नाहीच बघितलं काही. मार्लीसलासुद्धा नाही सांगितलं."

आता तूच सांग, एवढ्या सज्जन माणसावर विश्वास कसा ठेवायचा? मी अजून होकार दिलेला नाही. घाई करायचा माझा स्वभाव नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
हिल्ट्राउट

ता. क. तुझ्या टेबलक्लॉथलाही कोपऱ्यात आजीचं ठिगळ आहे. ते उसवू नकोस. कासेलच्या मैत्रिणींना तू पणजोबांच्या डोळ्यांची गोष्ट सांगतेस, ती तशीच चालू दे, छान सांगतेस.

ता. क. २. साखरपुडा नाताळाआधी, अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी. खरी कॉफी पाठव, जमेल तेवढी. त्याची आई येणार आहे, आणि वाल्टर्सग्रुंडच्या बाईने आमच्या कपातले वाटाणे मोजावेत हे मला चालणार नाही. या पत्रातलं बाकी सगळं वाचलं नाहीस तरी चालेल.

ता. क. ३. पत्र बंद करायचं राहून गेलं, तेवढ्यात हे घडलं. आज चर्चबाहेर सेल्मामावशीने दहा बायकांत त्या पोराला अडवलं आणि काठी रोखून खणखणीत आवाजात म्हणाली, "हाच तो! आमच्या टेबलाशी बसून कापड उलटून बघणारा!" सगळ्या त्याच्याकडे वळल्या. तो मान खाली घालून उभा. एक शब्द बोलला असता तर सुटला असता, आणि आपण सगळे बुडालो असतो. तो बोलला नाही. मार्लीस माझ्याकडे बघत होती.

मी पुढे झाले, मावशीची शाल नीट केली आणि म्हटलं, "अगं, मीच सांगितलं होतं त्याला. म्हटलं, दोरा लोंबतोय, बघ जरा. घरातल्या माणसालाच सांगणार ना?"