तीन हाकांनंतरच

प्रथम तक्रार नोंदवतो. हे मृत्युपत्र करण्यासाठी मला काठी टेकत तीन मजले चढावे लागले, कारण वकिलांच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद आहे. तीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा हा अपमान मी, वय बावन्न, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय येथे लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला जोडला आहे. तो देणाऱ्या डॉक्टरांनीच गेल्या वर्षी मला मेलेला ठरवले होते, तेव्हा त्या सहीवर किती विसंबायचे ते वाचणाऱ्याने पाहावे.

१. दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. माझे कपाट तिने खुशाल आवरावे. वीस वर्षे तिचे हात शिवशिवत आहेत.

२. हत्यारांची पेटी मेहुण्याला, म्हणजे माझ्या भागीदाराला. आमच्या धंद्यात वीज सोडण्यापूर्वी लिफ्टच्या शाफ्टमध्ये तोंड घालून तीन हाका मारायच्या आणि प्रत्येक हाकेनंतर थांबायचे, असा नियम. त्या दिवशी मी लिफ्टच्या टपावर होतो. त्याने एकही हाक न मारता वीज सोडली.

पुढचे इस्पितळातले. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. दिव्य प्रकाश किंवा हात पसरून उभे असलेले पूर्वज कोणी दिसले नाहीत. चौकशीला येणाऱ्या नातेवाइकांनी निराश व्हावे. यंत्राची शीळ ऐकू येत होती, तीही कोणीतरी बंद केली. डॉक्टर म्हणाले, "संपलं. वेळ लिहून घ्या." मी आतल्या आत ओरडत होतो. बायको म्हणाली, "पाय गार पडलेत हो त्यांचे, काहीतरी घाला अंगावर." आणि चादर पायांवरून सरकत सरकत तोंडावर आली. मेहुणा हुंदके देत होता, "ताई, मी तीन हाका मारल्या गं! भावजींनीच ओ दिली नाही!"

बाबा रे, मी ऐकले. वर्षभर बोललो नाही, कारण इतके दिवस मला आंघोळ तूच घातलीस. पेटीच्या झाकणाला आतून तीन रेघा कोरल्या आहेत. दर वेळी उघडशील तेव्हा मोज.

३. बाकीची कलमे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. मला त्या चादरीची भीती वाटते. थंडीतही पांघरूण छातीच्या वर घेत नाही. मुलगी हसते, "बाबा, लहान मुलासारखं काय करता!" हसू दे. पुढच्या वेळी कितीही शिकलेला माणूस 'गेले' म्हणाला, तरी बारा तास मला हलवू नये, चेहरा झाकू नये. कोणीतरी जवळ बसून बोलत राहावे. माझी निंदा चालेल. मुलीने कानाशी तीन हाका माराव्यात, थांबत थांबत. घाई करू नये. घाई करू नये. दोनदा लिहिले आहे. टायपिस्टने चूक समजून खोडू नये.

४. वॉर्ड पुसणाऱ्या मावशींना यातून काहीही मिळणार नाही, म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात, असे वकील सांगतात. सगळे बाहेर गेल्यावर चादर खाली ओढली ती त्यांनी. "नाकाशी हलली," म्हणतात, "वाटलं पंखा असेल. पण पंखा बंद होता." मग वाकून त्यांनी विचारले, "दादा, ऐकू येतंय का?" तीनदा विचारले, थांबत थांबत. आमचा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. मग फडका टाकून डॉक्टरांना बोलवायला धावल्या. उत्तर द्यायचे राहून गेले.

साक्षीदार : वकिलांचे टायपिस्ट, वॉर्डातल्या मावशी
ठिकाण : तिसरा मजला, जिन्याने
दिनांक : नऊ जानेवारी
सही : लिफ्टवाला

ता. क. मावशी, येत होतं. तिन्ही वेळा.